शून्याची दुसरी बाजू

माझे वडील बाल्दोमेरो चिग्वाय यांनी जन्मभर होड्या बांधल्या. एखादी गोष्ट लहान केली की ती जास्त चांगली चालते, हे अशा माणसाला पटवणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटून घेणं. जुलैच्या त्या आठवड्यात मी ते भरपूर आपटून घेतलं.

आमच्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी, चुलीच्या उबेला, रेडिओ आहे. गाणी ऐकायचा नव्हे, बोलायचा. पापांकडे हौशी रेडिओचा परवाना तीस वर्षांपासून होता, माझ्याकडे बारा. तेव्हा आमच्या खाडीत मोबाईलचा पत्ता नव्हता. समोरच्या समुद्रात वीस मैलांवर लोबोस बेट आहे, आणि तिथे पापांचा धाकटा भाऊ, माझा एरिबेर्तो काका, मेंढ्या पाळून एकटा राहायचा. त्याचा संच इवलासा, मोटारीच्या बॅटरीवर चालणारा. बॅटरी जपायची म्हणून तो फक्त दुपारी बारा ते एक संच लावायचा. भर दुपारी त्याचा आवाज पाण्यावरून सरपटत आमच्यापर्यंत यायचा आणि आमच्यापाशीच संपायचा. आमच्या पलीकडे तो कुणालाच ऐकू जात नसे. बाराला काका आमच्याशी बोलायचा, मग साडेबाराला 'चाक' सुरू व्हायचं. चाक म्हणजे देशाच्या दक्षिणेतल्या सगळ्या रेडिओवाल्यांची रोजची बैठक, जिथे प्रत्येकाची पाळी येते. काकाची पाळी आली की त्याचा निरोप पापा सांगायचे. चाकातले लोक एरिबेर्तो चिग्वायला ओळखायचे ते पापांच्या तोंडून.

मे महिन्यात आमच्या किनाऱ्यावर माशांच्या खाद्याचा कारखाना उभा राहिला. ती जागा आजीची. ती पापांनी कारखान्याला भाड्यानं दिली, आणि भावाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, म्हणूनच विचारलं नाही. मी माझ्या बापाला ओळखते. कारखान्याची यंत्रं सुरू झाली त्या दिवसापासून आमच्या रेडिओत अशी चिरचिर भरली की चुलीत ओलं लाकूड घातल्यासारखं वाटे. काकाच्या चार शब्दांतला एक हाती लागायचा.

जुलैतल्या एका रविवारी त्या चिरचिरीतूनही काकाचा शब्दन् शब्द कळला, कारण तो ओरडत होता.

"आईची जागा दिलीस ना त्यांना? मग आता त्यांचंच ऐकत बस! बदल!"

आमच्याकडे बोलणं संपलं की 'बदल' म्हणतात, म्हणजे आता तुझी पाळी. भांडतानाही ते सुटत नाही.

"अरे, छपराला पत्रे कोण घालणार होतं? तुझ्या मेंढ्या?" पापा गरजले. "बदल!"

पलीकडून काहीच आलं नाही.

"रुसला," पापा मला म्हणाले आणि त्यांनी माते, आमचा कडू पाल्याचा चहा, ओतून घेतला. "डुकराच्या पिल्लावरून अकरा दिवस बोलला नव्हता. आठवतं?"

आठवत होतं. काका रुसण्यात पटाईत, आणि पापा मनधरणी न करण्यात.

चिरचिर घालवायची तर ऐकण्यासाठी वेगळी अँटेना हवी, तारेची बंद कडी. हे आम्ही आधीच ठरवलं होतं आणि पापांनी आपल्या मनानं एक बांधलीही होती. अंगणात दोन खांब रोवून त्यांच्यामध्ये पाच-पाच मीटर बाजूंचा चौकोन, एकूण वीस मीटर तार.

"जाळं मोठं तर मासे जास्त," ते हात झाडत म्हणाले.

जास्त आले, पण चिरचिरीचे. बिचाऱ्या चौकोनानं कारखाना अगदी स्वयंपाकघरात आणून बसवला.

"पापा, आपली लाट ऐंशी मीटरची आहे," मी म्हटलं. "तार तिच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवायची. आठ मीटर, बस्स. त्याहून लांब झाली की कडी चहूकडचं ऐकायला लागते. लहान ठेवली तर तिला एक बहिरी बाजू राहते. आपल्याला तीच तर हवी आहे."

"मी बहिरी अँटेना बांधू?"

"कारखान्यापुरती बहिरी. कडी आपल्या कडेच्या दिशेनं ऐकते, तोंडाच्या, म्हणजे आपण तिच्यातून बघतो त्या दिशेनं ऐकत नाही. तिचं तोंड कारखान्याकडे करायचं."

"आणि आठ मीटरमध्ये आवाज येणार कुठून? डासाचा?"

"बारीक येईल, पण साफ येईल. बारीक आवाज मोठा करता येतो, घाण आवाज धुता येत नाही."

हे त्यांना पटलं की नाही देव जाणे, पण आकारावर मात्र ते अडले. मी म्हटलं अष्टकोन करू, एकेक मीटरच्या आठ पट्ट्या, अर्ध्या दिवसाचं काम. तेवढ्या तारेत सगळ्यात जास्त जागा गोलात मावते हे खरं, पण अष्टकोनही काही फार मागे नसतो.

"कोपरे?" पापा म्हणाले. "माझ्या अंगणात? लोक म्हणतील चिग्वायला फासळी वाकवता येईना."

मग सोमवारी सकाळी होडीच्या फासळ्यांसारख्या सुरूच्या पट्ट्या वाफेच्या पेटीत गेल्या. तासाभरानं हातमोजे घालून आम्ही दोघांनी त्या वाकवल्या, आणि त्यांतून अडीच मीटर रुंदीचं असं गोल वर्तुळ निघालं की मलाही बोलायला जागा उरली नाही. त्यावर आठ मीटर तार बसवली. तळाशी जुन्या रेडिओतला फिरता कपॅसिटर लावला, म्हणजे कडी आपल्या लाटेला जुळवता येते. आत पाचव्या हिश्श्याची एक छोटी कडी टांगली, तिच्यातून केबल खिडकीवाटे घरात आणली. सगळं एका लोखंडी नळीवर उभं केलं, हातानं फिरवता येईल असं. बोलायला जुनी लांब तार होतीच. नवी कडी फक्त ऐकायला.

तीन वाजले तेव्हा मी अंगणात कडी फिरवत होते आणि पापा आतून ओरडत होते. "आहे... आहे... वाढली... कमी झाली... थांब! थांब, हलू नकोस!"

मी आत धावले. रेडिओ चालू होता आणि त्यातून काही म्हणजे काहीच येत नव्हतं. दूरच्या विजांची एखादी खरखर, बाकी शांतता. पापांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग ते स्वतः बाहेर गेले, नळीच्या खांबाला खिळा ठोकला आणि कडी दोरीनं त्या खिळ्याला बांधली.

"हे शून्य," ते म्हणाले. "याला कुणी हात लावायचा नाही. तूसुद्धा."

मंगळवारी बारा वाजता काका आला नाही. पापांनी एकदा हाक मारली, दुसऱ्यांदा मारली नाही.

"बघ, रुसला," म्हणाले.

साडेबाराला चाक सुरू झालं. आमची पाळी आल्यावर पापा खुर्चीत ऐसपैस बसले. "मंडळी, तुमचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा येतोय," त्यांनी सगळ्या दक्षिणेला सांगितलं. "टाचणी पडली तरी ऐकू येईल. कसली कटकट नाही, कुणाची भुणभुण नाही. किती दिवसांनी मला शांत वाटतंय म्हणून सांगू! बदल."

सगळ्यांनी अभिनंदन केलं. कुणीतरी काकाबद्दल विचारलं. "तो मजेत आहे," पापा हसून म्हणाले, "तोंड फुगवून मेंढ्यांशी बोलत असेल." मीही हसले.

बुधवारी उत्तरेचा वारा सुटला, आडवा पाऊस आला आणि समोरचा समुद्र दिसेनासा झाला. बारा वाजून गेल्यावर एका झोताबरोबर दोरी सैल झाली आणि कडी थोडी फिरली. लगेच चिरचिर परत आली. त्या चिरचिरीखाली मला काहीतरी ऐकू आलं. शब्द नव्हे, नुसता माणसाच्या बोलण्याचा चढउतार.

"पापा, कुणीतरी आहे."

"कारखाना आहे! जा, दोरी आवळ!"

"नाही, खाली कुणीतरी..."

"निल्दा! मी खिळा कशाला ठोकलाय?"

मी बूट चढवले, पावसात गेले आणि माझ्या या दोन हातांनी कडी परत खिळ्यावर आणली. आत आले तेव्हा शांतता होती आणि पापा खूश होते. मी भिजले होते, चिडले होते, आणि वाद घालायचा कंटाळा आला होता. हे एवढंच कारण. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही, मी शोधून पाहिलं आहे.

गुरुवारी शेजारची एदुविना मिल्काओ, म्हणजे बटाट्याच्या भाकऱ्या, घेऊन आली. या किनाऱ्यावरची चांगली मोटारबोट तिची एकटीची, आणि जीभही तशीच.

"बाल्दोदादा, भाऊ तीन दिवस गप्प आहे म्हणे. वारा पडला की जाऊन बघू या का?"

"त्यानं आधी तोंड उघडू दे."

"आणि उघडताच येत नसेल तर?"

"एदुविना, अकरा दिवस! डुकरावरून! अजून आठ बाकी आहेत."

"तुम्ही दोघं भाऊ म्हणजे एका ओंडक्याच्या दोन फळ्या," ती म्हणाली आणि मिल्काओ टेबलावर आपटून गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. भीती वाटत होती, पण कशाची हे धड सांगता येत नव्हतं. काका रुसतो, पण रुसल्यावरही बाराला संच लावून नुसतं बटण दाबून सोडतो, 'टक' असा आवाज करतो, म्हणजे जिवंत आहे एवढं कळावं. डुकराच्या अकरा दिवसांतही रोज तो 'टक' आला होता. हे पापांनाही माहीत होतं. आता तोही येत नव्हता, आणि आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नव्हतो.

शुक्रवारी सकाळी आभाळ उघडलं. वाऱ्यानं कडीची तार ढिली झाली होती, ती ताणायला मी बाराच्या सुमारास अंगणात गेले. तार ताणताना कडीच्या अगदी समोर उभं राहावं लागतं. मी मान वर केली, तर त्या गोलातून बरोबर मध्यभागी कारखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. पापांचं काम नेमकं असतं. दुसऱ्या बाजूची गाठ बघायला मी वळसा घालून पलीकडे गेले आणि उलट दिशेनं त्याच गोलातून पाहिलं.

समुद्र होता. दोन दिवसांनी स्वच्छ झालेला. आणि बरोबर मध्यभागी लोबोस बेट.

कडीला तोंडं दोन असतात. समोरून बहिरी असते तशी मागूनही बहिरी असते. हे मला माहीत होतं, बारा वर्षांपूर्वी परवान्याच्या परीक्षेत मी ते लिहिलं होतं. कारखाना पूर्वेला, बेट पश्चिमेला, आमचं घर मधोमध. आम्ही कारखान्याचा आवाज बंद केला तेव्हा त्याच झटक्यात काकाचाही केला.

दोरी सोडत बसले नाही, विळ्यानं कापली. कडी पाव फेरी फिरवली. आतून पापांची शिवी ऐकू आली, मग चिरचिर, आणि मग ते शिवी अर्धी सोडून गप्प झाले.

मी दारात पोचले तेव्हा ते रेडिओवर ओणवे झाले होते. चिरचिरीच्या तळातून काकाचा आवाज येत होता, थकलेला, कान लावला तरच कळणारा, एका लयीत, रोज तेच वाचून दाखवणाऱ्या माणसाचा.

"...बाल्दो, एरि बोलतोय. पाय घोट्यापासून काळा पडलाय. ताप आहे. पाणी संपत आलंय. होडी खडकावर फुटलीय, मला निघता येत नाही. बदल."

पापांनी बटण दाबलं. "एरि! एरि, ऐकतोय रे मी! ऐकतोय! बदल!"

चिरचिर. फार वेळ नुसती चिरचिर. मला वाटलं गेला.

"एदुविनाला बोट घेऊन पाठव," काका म्हणाला. "बदल आणि बंद."

भावासाठी मायेचा एक शब्द नाही. पापा उठून थेट एदुविनाकडे पळाले.

एदुविनाच्या बोटीनं तीन तास लागले. पापा सबंध वेळ पुढे टोकाला उभे होते, अंगावर पाणी उडत असताना, आणि आम्ही कितीदा सांगूनही आत आले नाहीत. काका स्वयंपाकघरात जमिनीवर होता. सोमवारी संध्याकाळी उतरणीवर घसरून घोटा मोडला होता, हाड बाहेर आलं होतं. तिथून तो सरपटत घरात आला होता आणि संच टेबलावरून खाली ओढून उशाशी ठेवला होता. एदुविनानं त्याला पाणी पाजलं. पापा गुडघ्यांवर बसले आणि त्याच्या केसांवरून हात फिरवू लागले. काकानं डोळे मिटून घेतले.

त्याला उचलताना संचाखालची वही मी माझ्या कोटात घातली. प्रत्येक रेडिओवाला नोंदवही ठेवतो: तारीख, वेळ, कुणाशी बोललो. परतीच्या वाटेवर इंजिनाच्या खोलीत बसून मी ती उघडली. काकाचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं.

मंगळवार, १२:००. बाल्दोनं एकदा हाक मारली. पाय मोडल्याचं सांगितलं. उत्तर नाही.

मंगळवार, १२:४०. चाकात बाल्दो साफ ऐकू आला. कुणाची भुणभुण नाही, किती दिवसांनी शांत वाटतंय म्हणाला.

बुधवार, १२:००. माफी मागितली. जागेचं जाऊ दे म्हटलं. उत्तर नाही.

गुरुवार, १२:००. परत माफी मागितली. उत्तर नाही. चाकात बोलत होता, हसत होता.

मी वही मिटली. काका चार दिवस ऐकत होता. आमची बोलायची तार चांगली होती. आमचा एकेक शब्द त्याच्या उशाशी जात होता. हे आधी माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आमच्याकडे शांतता म्हणजे त्याच्याकडेही शांतता, असं मी धरून चालले होते.

वही मी पापांना द्यायला नको होती, असं एदुविना आजही म्हणते. मी दिली. त्यांनी वाचली, आणि रिकामे झाल्यासारखे ते दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसले.

कास्त्रो शहरातल्या इस्पितळात काकाचा पाय घोट्याच्या वरून कापावा लागला. चार दिवस आधी आला असता तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. त्यांना काय माहीत ते कुणाला सांगताहेत. ऑगस्टच्या शेवटी आम्ही त्याला घरी आणलं. बेटावर एका पायावर राहता येत नाही. मेंढ्या विकल्या. त्याची खाट चुलीपाशी घातली, खिडकीजवळ, जिथून कडी दिसते.

तो माझ्याशी बोलायचा, एदुविनाशी थट्टा करायचा. "माझा बूट कुणाला हवाय का? डावा, एकदम कोरा," म्हणायचा. पापांशी 'हो', 'नाही', 'मीठ दे'. पापा त्याला आंघोळ घालायचे, जखमेची पट्टी बदलायचे, आणि तो भिंतीकडे बघत राहायचा.

एका दुपारी पापांना सहन झालं नाही. त्यांनी खाटेवर नकाशा पसरला, फूटपट्टी ठेवली.

"हे बघ एरि. हा कारखाना. हे घर. हे तुझं बेट. एका रेषेत! कडी समोरून बहिरी तशी मागूनही बहिरी. मी तुला टाळलं नाही रे. तू शून्यात होतास. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं, आईशपथ!"

काकानं नकाशा हातात घेतला. फूटपट्टी स्वतः ठेवून पाहिली. तोही जुना रेडिओवाला. त्याला हे माझ्याहून लवकर कळलं असणार. त्यानं मान हलवली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "शून्य नेमकं माझ्यावर होतं. कारागिरी छान आहे, बाल्दो. गोल अगदी गोल आहे."

पापांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी थोडा उजेड आला. त्यांनी भावाचा हात धरला. काकानं तो धरू दिला. मग खिडकीबाहेर बघत विचारलं,

"ती कडी एकदा फिरवून बघायला किती वेळ लागतो रे?"

पापांनी माझ्याकडे पाहिलं. मी चुलीत लाकूड घालायला वळले, कारण उत्तर मलाही माहीत होतं.

"अर्धं मिनिट," पापा म्हणाले.